पाच सीट, अडीच तिकिटं

गाडी घ्यायची ठरली की घरातला प्रत्येक जण तिचा मालक होतो. हप्ते मात्र एकाच्याच खात्यातून कापले जातात. या सगळ्या मालकांना आपापली मतं असतात, त्या मतांना इतिहास असतो, आणि त्या इतिहासात कुणाच्या तरी गाडीत कुणाला तरी झालेली उलटी असते. आमच्या घरात असे मालक सहा. त्यातला धाकटा चार वर्षांचा. गाडीला हॉर्न असावा, एवढंच त्याचं म्हणणं. पुढचे सगळे दिवस बघता शेवटपर्यंत एका मतावर ठाम राहिलेला तो एकटाच.

कुटुंब वाढतं म्हणजे घरात पाळणा हलतो, असा एक समज आहे. आमचं कुटुंब चारही दिशांनी वाढलं. खालून मुलगा आला. वरून आई-अण्णा आले. अण्णांच्या गुडघ्याने चिपळूणच्या घराच्या पायऱ्या चढायला साफ नकार दिला, तेव्हा ती दोघं पितळेची पातेली, पाटा-वरवंटा आणि पंचांग घेऊन डोंबिवलीला राहायला आली. मधून मुलगी वाढते आहे. ती अकरा वर्षांची आहे आणि दर गणपतीला तिचे गुडघे पुढच्या सीटच्या पाठीत आणखी थोडे रुततात. चौथी दिशा आडवी. तिच्याबद्दल मी आणि बायको एकमेकांना काही बोलत नाही.

घरात गाडी होती, नाही असं नाही. पण ती आम्ही तिघं होतो तेव्हाची, छोटी. गेल्या गणपतीत आई-अण्णांना तीत जागा झाली नाही, म्हणून ती दोघं एस.टी.ने गेली. अण्णांना त्याचं वाईट वाटेल असं आम्हाला वाटत होतं. ते उतरले ते विजयी मुद्रेने. "आम्हा दोघांचं मिळून अर्धं तिकीट!" २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एस.टी. फुकट, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. अण्णा शाळेत गणित शिकवत. त्यांनी आरतीच्या आधी ओटीवर बसून अख्ख्या घराचा हिशेब मांडला. स्वतः अण्णा शून्य. आई अर्धी. सूनबाई अर्धी. नात बाराच्या आतली, म्हणून अर्धी. नातू पाचाच्या आतला, म्हणून शून्य. मी पूर्ण. एकूण अडीच. "पाच सीटच्या गाडीत अडीच माणसं. निम्मी गाडी रिकामी राहील," असं म्हणून त्यांनी चष्मा मिटला, आणि मोठी गाडी हवी की नको हा प्रश्न माझ्यापुरता मिटवून टाकला.

बायकोपुरता तो मिटला नाही. परतीच्या वाटेवर ती जुन्या गाडीत मांडीवर नारळाची पिशवी घेऊन बसली होती आणि पायाशी सुक्या बोंबलांचं पुडकं होतं. कोकणातून परतणाऱ्या गाडीत काय काय असतं, हे गाड्यांची चित्रं काढणाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. छोट्या गाडीत मागचं सामान आणि मागची माणसं यांच्यामध्ये फक्त एक पुठ्ठ्यासारखी फळी असते. काचा बंद, एसी चालू, आणि बोंबील आपल्याबरोबर श्वास घेत असतात. वडखळ येईपर्यंत मुलीने नाकाला ओढणी बांधली होती, आणि पनवेलपर्यंत बायकोचा निर्णय झाला होता. "डिकी वेगळी असलेली गाडी घ्यायची." सेडानच्या बाजूने याहून भक्कम युक्तिवाद मी कुठल्याही जाहिरातीत वाचलेला नाही. पुढे इंजिन, मधे माणसं, मागे बोंबील, आणि तिघांच्या मधे पत्रा.

लोकांनी विचारलं, हल्ली सगळे उंच गाड्या घेतात, तुम्ही सात सीटची का घेत नाही? आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधे एक पिवळी चौकट आहे आणि तिला सोसायटीच्या सेक्रेटरींचा राखणदारासारखा पहारा आहे. लांब गाडी आणली तर तिचं नाक दुसऱ्याच्या हद्दीत जातं आणि प्रकरण वार्षिक सभेत. म्हणजे गाडी चार मीटरच्या आतली हवी आणि तिला डिकीही हवी. या चौकटीत बसणाऱ्या गाड्या मोजक्याच. चाळणी लावता लावता घरात दोन नावं उरली: मारुतीची डिझायर आणि होंडाची अमेझ. २०२४ च्या नोव्हेंबरात एकीचं नवं रूप आलं, डिसेंबरात दुसरीचं. जुळ्या बहिणींची एकाच मांडवात लग्नं लावावीत तसं.

मी टेप घेऊन बसलो. डिझायरची लांबी ३,९९५ मिलिमीटर. अमेझची लांबी ३,९९५ मिलिमीटर. रुंदीत फरक दोन मिलिमीटरचा. दोन वेगळ्या कंपन्यांना एकच आकडा सुचला याचं मला नवल वाटलं, पण अण्णांना नाही. "कॉपी केली तरी उत्तर एवढं जुळत नाही. दोघांनी एकाच गाइडमधून घेतलंय." गाइड सरकारचं होतं. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं, आणि देशातल्या गाड्यांनी श्वास आत ओढून पोट कमी करायला सुरुवात केली. २००८ साली आलेली पहिली स्विफ्ट डिझायर ४,१६० मिलिमीटर लांब होती आणि तिच्या डिकीत ४४० लिटर सामान मावायचं. २०१२ साली ती ३,९९५ ची होऊन आली आणि डिकी ३१६ लिटरवर आली. कात्री कुठे लागली ते सांगायला नको. पुढे डिकी हळूहळू सावरली, आता ती ३८२ आहे. पण चार मीटरला पाच मिलिमीटर कमी हा आकडा मात्र कुणी सोडला नाही. बाकीचे पाच मिलिमीटर अर्थखात्याच्या समाधानासाठी मोकळे ठेवलेले आहेत.

सरकारने दुसऱ्यांदा आमच्या घरात लक्ष घातलं ते ऐन वेळी. आमचं बोलणं रंगात आलं असताना ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेने ठरवलं की या छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा २८ टक्के कर आणि वरचा एक टक्का उपकर जाऊन १८ टक्के होणार, आणि तो २२ सप्टेंबरपासून. देशभरातले लोक हातातलं बुकिंग थांबवून बसले. आमच्या घरी कुणालाच थांबावं लागलं नाही. ८ तारखेपासून पितृपक्ष होता. २१ ला सर्वपित्री अमावास्या आणि २२ ला घटस्थापना. आईने पंचांग मिटलं आणि म्हणाली, "बघ, दिल्लीतही कुणीतरी घरातलं मोठं माणूस आहे." अर्थखातं आणि दाते पंचांग यांचं इतकं एकमत मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

मग तो अख्खा पंधरवडा चर्चेला मिळाला. पितृपक्षात खरेदी करायची नसते, पण भांडायला बंदी नाही.

पहिला आला मेहुणा. त्याच्याकडे गाडी नाही, त्यामुळे त्याचं ज्ञान शुद्ध आहे. "भावोजी, पांढरी डिझायर घेतलीत तर स्टेशनबाहेर लोक मागचं दार उघडून बसतील आणि ओटीपी सांगतील." डिझायरचा टूर नावाचा भाऊबंद खास टॅक्सीवाल्यांसाठी असतो, हे त्याने पुराव्यानिशी सांगितलं. टॅक्सीला पिवळी पाटी असते आणि आपल्याला पांढरी, असं मी म्हटलं. "घाईत पाटी कोण बघतं?" यावर उत्तर नव्हतं. उत्तर अण्णांकडे होतं. "टॅक्सीवाल्याचं पोट गाडीवर चालतं. आपण गाडी हौस म्हणून घेतो, तो हिशेब करून घेतो. त्याने जी निवडली ती नापास कशी?" मेहुणा गप्प झाला, पण जाता जाता एक फटाका लावून गेला. "भावोजी, डिझायरला तीन सिलिंडर आहेत. अमेझला चार."

आई ताक घुसळत होती. तिथूनच म्हणाली, "आपल्याला दोनच मिळतात, आणि दुसरा मिळेपर्यंत फोन करून जीव जातो. चार देतात तर चारवाली घ्या."

अण्णांचा कल डिझायरकडे झुकला तो ॲव्हरेजमुळे. कंपनीच्या आकड्यांत ऑटोमॅटिक डिझायर लिटरला २५.७१ किलोमीटर जाते, ऑटोमॅटिक अमेझ १९.४६. अण्णांनी वहीत चिपळूणचं अंतर धरलं, भागाकार केला, आणि एका फेरीत जवळजवळ तीनशे रुपये वाचतात असं दाखवलं. तीनशे रुपये वाचवायला आणखी किती हजार मोजावे लागतील किंवा लागणार नाहीत, हा पुढचा प्रश्न त्यांनी विद्यार्थ्यांसाठी सोडला. हे आकडे चाचणीतले, त्यात वाटेवरचा परशुराम घाट नसतो, एसी आणि आपण सगळे नसतो, असं मी म्हणालो. "परीक्षेतले मार्क परीक्षेतलेच असतात. तरी मेरिट लिस्ट त्यावरच लागते ना?" मग त्यांना सीएनजीचा आकडा सापडला. डिझायर किलोला ३३.७३! त्या रात्री अण्णांचा डोळा लागला नसावा. सकाळी बायकोने त्यांना शांतपणे विचारलं, "अण्णा, सीएनजीचा सिलिंडर कुठे ठेवतात?" सिलिंडर डिकीत असतो. अण्णांनी वही मिटली. बोंबलाच्या खोलीत भाडेकरू ठेवायला तेही तयार नव्हते.

मुलीचा पक्ष एककलमी होता: सनरूफ. या मापाच्या सेडानमध्ये छताला उघडणारी काच पहिल्यांदा दिली ती नव्या डिझायरने, आणि तीही वरच्या मॉडेलला. मुलीच्या वर्गातल्या प्रत्येक मुलीच्या गाडीला सनरूफ आहे असं तिचं म्हणणं होतं. वर्गातल्या बहुतेक मुली रिक्षाने येतात हे मी रोज बघतो, पण अकराव्या वर्षी आकडेवारी अशीच असते. अण्णांनी हे प्रकरण समजून घेतलं. काच सरकते, डोक्यावर आकाश दिसतं, त्याचे जास्त पैसे पडतात. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दर मिरगाला गावच्या घराची कौलं चाळायला माणूस मिळत नाही म्हणून मी चिपळूण ते डोंबिवली आलो. आणि तुम्ही पैसे देऊन छपराला भोक पाडून घेताय?" कोकणात जन्मलेल्या माणसाला उघडं छप्पर विकणं हे कुठल्याही सेल्समनच्या आवाक्याबाहेरचं काम आहे.

आता माझा विषय. जमिनीपासूनची उंची. डिझायर १६३ मिलिमीटर, अमेझ १७२. फरक नऊ मिलिमीटर. हा फरक घरात कुणालाच मोठा वाटला नाही. पण घरातल्या कुणी रात्री टॉर्च घेऊन गल्लीतले गतिरोधक मोजलेले नव्हते. भारतीय रस्ते परिषदेच्या नियमावलीत गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर धरली आहे, म्हणजे गाडी हळुवार चढावी आणि हळुवार उतरावी. आमच्या गल्लीतले गतिरोधक ही नियमावली छापण्याच्या आधीपासूनचे असावेत. पाण्याची लाइन टाकून उरलेल्या सिमेंटमधून ते निपजले आहेत, त्यांना रुंदी नाही, फक्त स्वाभिमान आहे. मी मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी लावून मोजत असताना दोन कुत्री आणि वॉचमन जमले. वॉचमनने विचारलं, "साहेब, काही पडलंय का?" अजून नाही, पण पडेल, असं मी म्हणालो. घरी येऊन मी नऊ मिलिमीटरचं महत्त्व सांगितलं. बायको म्हणाली, "माणसं बसली की गाडी खाली दबते. तुमच्या दिवाळीच्या फराळात ते नऊ मिलिमीटर गेले समजा." चौथ्या दिशेबद्दलचा करार तिने पहिल्यांदा मोडला.

बायकोचं मत सगळ्यांत शेवटी आलं आणि त्याला एकच आधार होता: गाडी ती चालवते. मी लोकलने जातो. ती रोज शिळफाट्यावरून महापेला जाते, आणि शिळफाट्यावर पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला गिअर असं करत तिच्या डाव्या पायाचं आणि अण्णांच्या गुडघ्याचं वय एक होत चाललं होतं. ऑटोमॅटिक हवी, यावर ती चर्चेला तयार नव्हती. ऑटोमॅटिक दोन्हींत मिळते, पण जात वेगळी. डिझायरमध्ये एएमटी असते. गिअर नेहमीचेच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं, त्यामुळे गिअर बदलताना ते क्षणभर विचारात पडतं. अमेझमध्ये सीव्हीटी. तिथे गिअरच्या पायऱ्याच नसतात, दोन पुल्यांवरून एक पट्टा सरकत राहतो आणि गाडी कुठेही न अडखळता वेग घेते. हे मी जेवताना समजावून सांगत होतो. अण्णांचा घास हातातच राहिला.

"पायऱ्या नाहीत?"

"नाहीत."

"मग तीच घ्या."

तीनशे रुपये, वही, मेरिट लिस्ट, टॅक्सीवाल्याचा हिशेब, सगळं त्या एका वाक्यात वाहून गेलं. गुडघेदुखीच्या माणसापुढे इंधनबचत टिकत नाही.

तरी आम्ही दोन्ही शोरूम पालथी घातली. पितृपक्षात नुसतं बघायला हरकत नाही, असा निर्वाळा आईने दिला होता. शोरूममधली मुलं फार गोड बोलतात. आईला ती मॅडम म्हणाली तेव्हा आईने मागे वळून कोण आलं ते बघितलं. एका मुलाने अमेझच्या वरच्या मॉडेलमधला कॅमेरा समजावला. समोर अचानक काही आडवं आलं तर ही गाडी आपण होऊन ब्रेक लावते. आई फार प्रभावित झाली. "मांजर आडवं गेलं तरी?" त्याने आत्मविश्वासाने हो म्हटलं. एवढी संस्कारांची गाडी आईने आजवर पाहिली नव्हती. लेनमधून गाडी सरकली तर ती चालकाला सावध करते, हेही त्याने सांगितलं. बायकोने विचारलं, शिळफाट्यावर तिला लेन दाखवायची कुठे? तो हसला. तो दिव्याहून येतो असं निघालं, मग दोघांचं बराच वेळ रस्त्याबद्दल जमलं.

मग सगळ्यांनी मला चावी दिली. टेस्ट ड्राइव्ह! शोरूमच्या जगात गाडी बघणं म्हणजे घरातल्या पुरुषाने ती एका चौकातून दुसऱ्या चौकापर्यंत नेऊन आणणं, आणि परत येऊन "स्टिअरिंग हलकं आहे" असं म्हणणं. बायकोने चावी काढून घेतली आणि गाडी जागेवरून हलवायच्या आधीच आमचा खरा प्रयोग सुरू झाला. आईने घरून पिशव्या आणल्या होत्या. त्या कशासाठी, हे मला आधी कळलं नव्हतं.

डिकी उघडली. ३८२ लिटर आणि ४१६ लिटर या आकड्यांचा आईला काही उपयोग नव्हता. तिच्या मते लिटरमध्ये दूध मोजतात. पण चौतीस लिटरचा फरक म्हणजे तेलाचे पंधरा किलोचे दोन डबे, असं अण्णांनी सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला. दोन डबे म्हणजे एकात कुळीथ, एकात आगळाच्या बाटल्या. तिने पिशव्या दोन्ही डिकींत लावून बघितल्या, वर हात फिरवला, झाकण लागतं का बघितलं. शोरूममधले लोक काचेच्या केबिनमधून बाहेर येऊन बघू लागले.

मग माणसं. धाकट्याची सीट आयसोफिक्सच्या आकड्यांत अडकते आणि ते आकडे मागच्या सीटवर खिडकीशीच असतात. म्हणजे एक खिडकी त्याची. आई आधी बसली आणि मग पाय आत घेतले, साडीसकट, कुणाचा हात न धरता. दुसरी खिडकी तिची. मधे मुलगी, तिच्या पायांखाली तो जमिनीतून वर आलेला उंचवटा. पण मधल्या सीटलाही तीन टोकांचा पट्टा मिळतो म्हणून ती खूश. पुढे डावीकडे अण्णा, सीट सगळी मागे करून, गुडघा सरळ. उजवीकडे बायको, कारण चालवते ती. तिने सगळ्यांना पट्टे लावायला सांगितले. पाच वेळा टिक टिक झालं. दारं लागली. काचेतून पाचही जण मला फार समाधानी दिसले.

मी बाहेर उभा होतो.

"सर, तुम्ही?" शोरूमच्या मुलाने विचारलं.

मी काचेवर टकटक केली. अण्णांनी काच खाली केली. एस.टी.च्या हिशेबाने आपण अडीच माणसं आहोत याची मी त्यांना आठवण करून दिली. "तो हिशेब एस.टी.चा. आरसीवर पाच लिहिलेलं असतं," ते म्हणाले. चाळीस वर्षं शाळेत नियम शिकवलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, तू ट्रेनने ये ना. तुला आवडते." मला लोकल आवडते असा घरातल्यांचा समज कसा झाला, हे मला माहीत नाही. मी रोज तिने जातो एवढंच.

त्या दिवशी पाचही जणांनी दोन्ही गाड्यांत बसून बघितलं आणि मत पडलं ते अमेझच्या बाजूने. दोन डबे, पायऱ्या नसलेला गिअर आणि मांजर. मुलीने सनरूफवर पाणी सोडलं, पण रंग ती निवडणार या अटीवर. पांढरा सोडून कोणताही, एवढीच मेहुण्याची सूचना आम्ही मान्य केली, त्यामुळे निर्णयात त्याचाही वाटा आहे असं तो सगळ्यांना सांगतो. डिझायर वाईट होती असं घरात कुणीही म्हटलं नाही. आम्ही तिघं असतो, किंवा आमच्या आईचं माहेर कोकणात नसतं, किंवा अण्णांचा गुडघा शाबूत असता, तर पंचवीस किलोमीटरच्या ॲव्हरेजपुढे आम्हीही हात जोडले असते. दोन गाड्यांतला फरक दोन गाड्यांत नसतोच, तो आपल्या घरात असतो.

घटस्थापनेला बुकिंग झालं. शोरूमची किंमत आणि रस्त्यावरची किंमत यांच्यात किती अंतर असतं ते गाडी घेणाऱ्यालाच कळतं. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात ११ टक्के रस्ता कर, वर विमा, त्यात तीन वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा, वर फास्टॅग, वर पायपुसणी. जीएसटीने जे वाचलं ते कुठे गेलं याचा पत्ता यात लागतो. दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, गाडी ताब्यात मिळाली. शोरूमबाहेर गाड्यांची रांग, प्रत्येक गाडीला झेंडूचं तोरण, प्रत्येक चाकाखाली लिंबू. त्या दिवशी गांधी जयंतीही होती. पण साधेपणाचा विषय कुणी काढला नाही. पहिलं लिंबू बायकोने चिरडलं. धाकट्याने हॉर्न वाजवून बघितला आणि त्याची मागणी मान्य झाल्याचं जाहीर केलं.

दिवाळीला सगळे चिपळूणला गेले. ती पाच जणं पहाटे गाडीने निघाली. मी आदल्या रात्री ठाण्याहून कोकणकन्या पकडली, अंधारातच चिपळूणला उतरलो, घर झाडलं, पाणी भरलं, चहाचं आधण ठेवलं, आणि दुपारी गाडी दारात येईपर्यंत माझी एक झोप काढून झाली होती. हप्ता भरणारा आधी पोचतो, यात काहीतरी न्याय आहे. परतीला बोंबील डिकीत बसले आणि पुढच्या कुणालाही त्यांचा पत्ता लागला नाही. डिकीत जे मावलं नाही ते माझ्याबरोबर रेल्वेने आलं. त्याचा पत्ता डब्यातल्या सगळ्यांना लागला.

आता आमच्या ओळखीतलं कुणी दोन गाड्यांच्या मधे अडकलं की माझ्याकडे येतं, आणि मी एकच सल्ला देतो. आकडे पाठ करू नका. व्हिडिओ बघू नका. मेहुण्याचं ऐका, पण फक्त रंगाच्या बाबतीत. टेस्ट ड्राइव्ह ही चालवणाऱ्यापुरती असते. तुम्ही मात्र घरातला सगळ्यांत दुखरा गुडघा, सगळ्यांत लांब पाय आणि सगळ्यांत मोठी पिशवी घेऊन शोरूमला जा, तिघांना आत बसवा आणि दारं लावून बघा. ज्या गाडीत ती मुकाट्याने लागतील ती घ्या. लोक हसले तर हसू द्या, ते तुमच्याबरोबर परशुराम घाट चढणार नाहीत. आणि घरात माणसं सहा असतील तर एक तारीख लक्षात ठेवा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी उघडतं. गणपतीच्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात. हप्ता भरणाऱ्याने स्वतःचं तिकीट आधी काढावं.